मंद्र स्वरांचा रियाज आणि शेजाऱ्यांची झोप

मंडळी, रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत असे समजा. गावात जेवणे उरकली आहेत. शेजारच्या घरात दहावीची मुलगी उद्याच्या पेपरची उजळणी करते आहे आणि दम्याने बेजार झालेल्या तिच्या आजीचा आत्ता कुठे डोळा लागला आहे. दोन घरांच्या मधे भिंत एकच. त्या भिंतीच्या अलीकडे एक पोरगा बेस गिटार मांडीवर घेऊन बसला आहे. शनिवारी त्याला ऑर्केस्ट्रात साथ करायची आहे. दिवसभर तो दुकानात राबतो, म्हणजे रियाजाला वेळ मिळतो तो हाच. आता त्याने करावे काय?

आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा मागे नेमके हेच विचारीत माझ्याकडे आला. प्रकरण हातघाईवर आले होते. शेजाऱ्यांनी तक्रार केली होती आणि वडिलांनी बजावले होते, "उद्यापासून हे वाद्य घरात दिसता कामा नये." मी विज्ञानाचा मास्तर, तरुणपणी चार वर्षे ऑर्केस्ट्रात बेस वाजवलेला. तेव्हा त्याला जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी हे वाद्य काय आहे ते पाहू. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेस गिटारला बहुधा चार. जाड आणि लांब. सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुढच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८. पाच तारांचे वाद्य घेतले तर पाचवी तार आणखी खाली, ३१ च्या घरात जाते. या वाद्याचा इतिहास तुम्हा-आम्हा रेडिओच्या मंडळींना जवळचा वाटेल असा आहे. १९५१ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या गृहस्थाने विजेवर चालणारा बेस बाजारात आणला आणि तो चालला. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा! त्याआधी हे काम पुरुषभर उंचीचा उभा बेस करीत असे. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी ही दोन्ही वाद्ये वर्षानुवर्षे वाजवली.

आता भिंतीचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, आवाज लहान ठेवला, दाराला गोधडी लावली, की झाले. तसे होत नाही. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्याला ४१ ने भागा. आठ मीटरहून थोडी जास्त लांबीची लाट निघेल, म्हणजे आपल्या सबंध खोलीपेक्षा मोठी. बासरीचे बारीक स्वर गोधडीत जिरतात. ही आठ मीटरची लाट गोधडीला जुमानीत नाही, भिंतीलाच हळूच हलवते. वरातीचा बँड दूर असताना ताशा-सनई ऐकू येत नाही, पण ढोलाचा दणका पोटात जाणवतो, तो याचमुळे. शेजारची आजी 'काहीतरी घुमतंय' म्हणते ते अगदी बरोबर आहे, आणि आवाज निम्मा केल्यानेही ते घुमणे थांबत नाही.

मग बरेचजण विजेशिवाय, नुसत्या तारा छेडून सराव करतात. पंधरा मिनिटे बोटे मोकळी करायला ते ठीक. रोज तसेच केले तर मात्र हात बिघडतो. ऐकू येत नाही म्हणून पोर तारा जोराने ओढू लागते आणि तोच जोर मंचावर आला की प्रत्येक स्वर फटफट वाजतो. शिवाय नको असलेली तार मागे गुणगुणत राहिली आहे की नाही हे कळतच नाही. आणि बेस वाजवणाऱ्याचे अर्धे कसब स्वर वेळेवर बंद करण्यात असते.

तेव्हा हेडफोन हवा, आणि हेडफोनला चालवणारा छोटा ध्वनिवर्धक, म्हणजे हेडफोन-अँप हवा. बेसच्या पिकअपमधून निघणारी वीज इतकी क्षीण असते की ती एकटी हेडफोन हलवू शकत नाही. इथपर्यंत सगळ्यांना कळते. चूक होते ती पुढे, आणि ती मी स्वतःही केली आहे.

झाले असे की मी बाजारातून एक सुरेख हेडफोन-अँप आणला. दुकानदार म्हणाला, "मास्तर, याच्याइतका स्वच्छ आवाज दुसरीकडे मिळायचा नाही." घरी येऊन बेस लावला तर आवाज एकाच कानात, आणि तोही कांबळ्याखालून आल्यासारखा. दुकानदार खोटे बोलला नव्हता. तो अँप गाणी ऐकण्यासाठी होता, वाद्य वाजवण्यासाठी नव्हता. एका कानाचे कारण सोपे आहे. अशा अँपच्या भोकात दोन बाजूंचे दोन वेगळे ध्वनी यावेत अशी रचना असते. बेसची पिन एकपदरी, त्यामुळे एक बाजू मुकी राहते. कांबळ्याचे कारण मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या विहिरींचाच दाखला घेऊ. झरा बारीक असलेल्या विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदले तर पातळी जागच्या जागी राहते. त्याच विहिरीवर मोठी मोटर बसवली तर घटकाभरात गाळ दिसू लागतो. बेसचा पिकअप ही बारीक झऱ्याची विहीर आहे. त्याच्यातून वीज फार ओढली तर तिची पातळी खाली येते, आणि त्यातही पिकअपच्या वेटोळ्याच्या गुणामुळे वरचे तीव्र ध्वनी आधी बुडतात. बोट तारेला लागल्याचा जो खणखणीत आरंभ असतो तोच नाहीसा होतो. किती वीज ओढली जाईल हे अँपच्या आतल्या वाटेचा अवरोध ठरवतो. तो ओहममध्ये मोजतात. गाणी ऐकायच्या अँपचा हा अवरोध पुष्कळदा १० हजार ते ५० हजार ओहमच्या दरम्यान असतो. वाद्याला हवा १० लाखांच्या आसपास, म्हणजे एक मेगाओहम. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: "हा वाद्यासाठी आहे का, आणि इनपुट किती मेगाओहमचा?" ज्या बेसच्या आत स्वतःची बॅटरी आणि छोटा वर्धक असतो, त्याला ही अडचण फारशी येत नाही, कारण त्याची विहीर आधीच भरून वाहते.

शाळांमधल्या विज्ञान-शिक्षकांसाठी इथे जरा थांबतो. एलएम ३८६ या चिपचा छोटा वर्धक पुष्कळ शाळांच्या प्रदर्शनात असतो. मुले विचारतात, "सर, याला गिटार लावू का?" लावा, पण त्या चिपचा इनपुट ५० हजार ओहमचा आहे, तेव्हा तिच्या आधी एक एफईटीचा टप्पा घाला. दुसरे, हेडफोनच्या वाटेत जे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते त्याच्याकडे पाहा. ३२ ओहमच्या हेडफोनला १०० मायक्रोफॅरडचे धारित्र दिले तर सुमारे ५० कंपनांच्या खालचे सारे ओसरू लागते, आणि आपली खर्जाची तार तर ४१ ची! २२० घातले तर ही मर्यादा २३ च्या खाली जाते. हिशेब फळ्यावर करून दाखवा आणि मग मुलांना दोन्ही कानांनी ऐकू द्या.

आता हेडफोनची बाजू. हेडफोनवर १६, ३२, ८०, २५० असे ओहमचे आकडे असतात. खिशातल्या छोट्या अँपमध्ये बहुधा दोन बारीक पेन्सिल सेल असतात, म्हणजे तीन व्होल्ट. एवढ्या दाबात ३२ ओहमचा हेडफोन मजेत चालतो. अडीचशे ओहमच्या हेडफोनला दहा मिलिवॉट द्यायचे तर दीड व्होल्टहून जास्त परिणामी दाब लागतो, आणि तीन व्होल्टच्या सेलमधून एका व्होल्टच्या आसपासच निघतो. मग आवाज वाढवत नेला की स्वर फाटतो. तेव्हा छोट्या अँपला ३२ ते ८० ओहमचा हेडफोन घ्यावा. स्टुडिओतला भारी हेडफोन कुणी भेट दिलाच तर त्याला मोठे यंत्र लागेल.

कानावर पूर्ण बसणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्या. मागून जाळी असलेल्याचा आवाज मोकळा असतो हे खरे. पण तो बाहेर सांडतो, आणि खर्जही त्यात थोडा पातळ लागतो. कानात घालायची बोंडे चालतील, मात्र ती कानात घट्ट बसली पाहिजेत. फट राहिली की पहिला खर्ज पळतो.

बिनतारी हेडफोन घरात आधीच असतो म्हणून मुले तोच लावतात. तो मोबाईलसाठी ठेवा. नदीच्या पैलतीरावर बाई धुणे आपटताना दिसते आणि आवाज मागाहून येतो, हे तुम्ही पाहिले असेल. साध्या ब्लूटूथ हेडफोनात नेमके तसे होते. तार छेडल्यावर ध्वनी कानाशी यायला शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात. दीडशे धरले तरी ते पन्नास मीटरवरून ऐकण्यासारखे झाले. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर चौगुणीतला एक आघात १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे तुमचा स्वर एक सबंध आघात उशिरा येणार. अशा सरावाने लय सुधारण्याऐवजी बिघडते. तारेचाच हेडफोन घ्या.

यंत्रे किती प्रकारची मिळतात? १९८२ साली टॉम शोल्झ या अमेरिकन गिटारवादक-इंजिनिअरने 'रॉकमन' नावाचा पट्ट्याला अडकवायचा हेडफोन-अँप काढला, तेव्हापासून ही जात फोफावली. आज व्हॉक्स कंपनीच्या 'अँपप्लग'सारखी, थेट वाद्यात खोचायची काड्यापेटीएवढी यंत्रे आहेत. त्यात बेससाठी वेगळा नमुना असतो, तोच घ्यावा. झूम कंपनीच्या 'बी१ फोर'सारखी पायाशी ठेवायची यंत्रे आहेत. त्यांत ठेका धरणारे तालयंत्रही असते. आणि ज्याच्या घरी सरावाचा लहान अँप आधीच आहे, त्याने त्याच्या मागे-पुढे हेडफोनचे भोक आहे का ते पाहावे. पुष्कळांना ते असते आणि त्यात पिन घातली की भोंगा आपोआप मुका होतो. आमच्या त्या मुलाच्या अँपला ते होते! बिचाऱ्याने तक्रारीचे तीन महिने उगाच सोसले.

गाणे मोबाईलवरून आत घेण्याची सोय मात्र जरूर असावी. बेस हे साथीचे वाद्य. एकट्याने नुसते स्वर घोकून साथ येत नाही. निरनिराळे परिणाम, गूंज, घरघर यांना पैसे मोजू नका. वीज जाणाऱ्या गावात साधे सेल बरे, कारण ते वाण्याकडेही मिळतात. आतली चार्ज होणारी बॅटरी असेल तर ती किती तास चालते ते विचारून घ्या. ज्या बेसमध्ये बॅटरी आहे त्याची पिन रात्री काढून ठेवावी. पिन आत राहिली की बॅटरी चालूच राहते आणि ऐन कार्यक्रमात दगा देते.

शेवटी कानांविषयी, आणि हे मी जरा कळकळीने सांगतो. माझ्या डाव्या कानात गेली कित्येक वर्षे रातकिडा बोलतो. तो बाहेरचा नाही. तरुणपणी मोठ्या भोंग्याशेजारी उभे राहून मी तो कमावला आहे, आणि त्याला औषध मिळाले नाही. हेडफोनने शेजारी वाचतात, पण सगळा मारा तुमच्या कानावर येतो. त्यात बेसची एक फसवी गोष्ट आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले, की आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. मधल्या स्वराइतका तो मोठा वाटावा म्हणून त्याला पुष्कळ जास्त जोर द्यावा लागतो. म्हणून बेसवाला कळ फिरवत राहतो. त्याबरोबर बोटांचा खणका आणि सोबतचे गाणेही वाढते, आणि इजा करतात ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण असे, की मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकायचे तर आवाज ८० डेसिबलपर्यंत असावा. ९० डेसिबल झाला तर आठवड्याला ४ तासच. डेसिबल मोजायचे यंत्र घरी नसते. मी मुलांना एवढेच सांगतो: हेडफोन घातलेला असताना समोरून कुणी साध्या आवाजात हाक मारली आणि काहीच कळले नाही, तर कळ मागे घ्या. गाण्याचा आवाज कमी करा, म्हणजे बेस आपोआप वर येतो. पिन घालताना-काढताना आवाज शून्यावर आणा; त्या 'खट्'ने कानाचा पडदा दचकतो.

दुकानात जाल तेव्हा आपला बेस आणि आपलाच हेडफोन घेऊन जा. खर्जाची मोकळी तार जोराने छेडा, स्वर फाटतो का पाहा. मग काहीच न वाजवता अर्धे मिनिट ऐका. सळसळ फार असेल तर रात्रीच्या शांततेत ती दुप्पट वाटेल.

तो मुलगा आता साडेनऊला बसतो. शेजारच्या आजींना तारांवर बोटे पडल्याची टकटक तेवढी ऐकू येते म्हणे. "उंदीर आहे का रे घरात?" असे त्यांनी एकदा विचारले होते.