कलमा म्हणजे नेमकी कशाची ग्वाही?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि पनवेलचे एक. हल्लेखोरांनी धर्म विचारला, कलमा म्हणायला लावला, असं बचावलेल्यांपैकी काहींनी सांगितलं. मारल्या गेलेल्यांमध्ये एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही होता.

त्यानंतरच्या काही दिवसांत मराठी फीडवर 'कलमा' हा शब्द सगळीकडे दिसू लागला. कुणी तो पाठ करून ठेवा म्हणत होतं, कुणी त्याला धमकी समजत होतं, तर कुणी 'अल्लाहु अकबर' म्हणजेच कलमा असं छातीठोकपणे लिहीत होतं. हे शेवटचं तर सरळ चूक आहे. मग कलमा म्हणजे नक्की काय?

शब्द फोडून पाहू

कलमा (मूळ अरबी उच्चार 'कलिमा') म्हणजे शब्द किंवा वचन. इस्लाममधलं श्रद्धेचं मूळ वचन असं आहे: 'ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह.'

'ला' म्हणजे नाही. 'इलाह' म्हणजे ज्याची उपासना करावी असा कुणी. 'इल्ला' म्हणजे वगळता. म्हणजे पहिला अर्धा भाग सांगतो की अल्लाहशिवाय उपासनेला पात्र दुसरं कुणी नाही. 'रसूल' म्हणजे पाठवलेला, म्हणून दुसरा अर्धा भाग सांगतो की मुहम्मद हे अल्लाहने पाठवलेले आहेत. मराठीत 'प्रेषित' हा शब्द इथे चपखल बसतो, कारण त्याचाही अर्थ 'पाठवलेला' असाच आहे.

वाक्याची सुरुवात नकाराने होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आधी सगळं नाकारायचं, मग एकच अपवाद ठेवायचा. राजा, संपत्ती, पूर्वज, मूर्ती, यांपैकी कशालाच देवाची जागा नाही. मुहम्मद पैगंबरांनाही नाही, कारण त्याच वाक्याचा उत्तरार्ध त्यांना 'पाठवलेला' म्हणतो. मुसलमान पैगंबरांची पूजा करतात हा गैरसमज अनेकांना असतो. त्याचं उत्तर या वचनातच आहे.

याच वचनाच्या आधी 'अशहदु अन', म्हणजे 'मी साक्ष देतो की', हे शब्द जोडून म्हटलं की ती होते 'शहादा'. शहादा म्हणजे साक्ष. (नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याशी याची गल्लत नको.) 'शहीद' हा शब्दही याच धातूतला. शाहीर मात्र यातला नाही, तो 'शायर'वरून आला.

मराठीत शहादाला सगळ्यात जवळचा शब्द 'ग्वाही'. तो आला फारसी 'गवाही'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ साक्षच. आज मंत्री रस्ता करून देण्याची ग्वाही देतात, त्यामुळे शब्दाचं वजन थोडं उतरलंय. पण साक्ष देणारा माणूस स्वतःला जे खरं वाटतं तेच बोलतो, ही त्यातली अट विसरता येत नाही.

पुणतांब्यातून पाहिलं तर

'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य अशा चर्चेत हमखास येतं. हेतू चांगला असतो, पण त्यात अर्थ पुसट होतो. हे तपासायला अहिल्यानगर जिल्ह्यातलं पुणतांबा चांगली जागा आहे.

राहाता तालुक्यातलं गोदाकाठचं हे गाव अनेकांना २०१७च्या शेतकरी संपामुळे माहीत आहे. त्याआधीपासून ते ओळखलं जातं चांगदेवांच्या समाधीमुळे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि त्याला उत्तर म्हणून ६५ ओव्या आल्या, तीच 'चांगदेव पासष्टी'. तिचा गाभा अद्वैताचा आहे. पाहणारा आणि दिसणारं हे दोन नाहीतच.

कलमाही 'एक' म्हणतो, पण तो एक वेगळा. इस्लाममधल्या एकेश्वरवादाला 'तौहीद' म्हणतात. त्यात निर्माता एक आहे, पण तो आणि त्याची निर्मिती वेगळी आहे. माणूस देव नाही, देवाचा अंशही नाही. सूफी परंपरेत अद्वैताच्या जवळ जाणारे विचार नक्की आले आणि त्यावर मुस्लिम विद्वानांमध्ये शतकानुशतकं वादही झाले. तरी कलम्याचा सर्वमान्य अर्थ हाच.

पुणतांब्यातूनच शिर्डीचा रेल्वेफाटा वळतो. २००९मध्ये सुरू झालेली ही लाइन साधारण १७ किलोमीटरची. ज्या मशिदीत साईबाबा राहिले तिला ते द्वारकामाई म्हणत आणि 'अल्लाह मालिक' हे शब्द सतत त्यांच्या तोंडी असत. तोही कलमा नव्हे. त्यात देवाची सत्ता मान्य केलेली आहे, पण 'दुसरं कुणी नाही' हा नकार नाही आणि पैगंबरांचा उल्लेखही नाही. म्हणून ते शब्द कुठल्याही धर्माच्या माणसाला उच्चारता येतात. कलमा तसा नाही. तो उच्चारणारा एका श्रद्धेची बाजू घेतो.

तो कधी म्हटला जातो?

रोज. अजानमध्ये साक्षीची दोन्ही वाक्यं येतात, नमाजमध्ये बसलेल्या अवस्थेतही येतात. बाळाच्या कानात अजान दिली जाते, तेव्हा त्याच्या कानावर पडणाऱ्या पहिल्या शब्दांत ही साक्ष असते. मरणासन्न माणसाजवळ बसलेले लोक हळू आवाजात कलमा म्हणतात, त्याच्याही ओठांवर तो यावा म्हणून.

भारतीय उपखंडातल्या मदरशांत मुलांना सहा कलमे पाठ करवले जातात. ही शिकवण्याची सोय आहे. कुरआनात हे सहा कलमे अशा यादीत नाहीत. पहिल्या कलम्याचे दोन भागही कुरआनात एका ठिकाणी नाहीत. ते ४७व्या आणि ४८व्या अध्यायांत वेगवेगळे येतात.

इस्लाम स्वीकारायचा तर अर्थ समजून, मनापासून शहादा म्हणणं ही मूळ गोष्ट. नुसते शब्द पुरत नाहीत, हे भारतातल्या न्यायालयांसमोरही आलं आहे. पहिली पत्नी असताना दुसरं लग्न करता यावं म्हणून काही हिंदू पुरुषांनी इस्लाम स्वीकारल्याचं दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सरला मुद्गल प्रकरणात आणि २०००मध्ये लिली थॉमस प्रकरणात ही पळवाट बंद केली. असं दुसरं लग्न अवैध आणि गुन्हा ठरतं.

नगरमध्ये यावरून बंड झालं होतं

शिया मुसलमान या दोन वाक्यांनंतर बहुधा तिसरं जोडतात, 'अली हे अल्लाहचे वली आहेत' अशा अर्थाचं. सुन्नी जोडत नाहीत.

हा फरक नगरने सोळाव्या शतकात अनुभवला. पहिला बुरहान निजामशाह १५३७च्या सुमारास शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया झाला आणि तोच राजधर्म केला. आजारी राजपुत्र बरा झाला म्हणून, अशी कथा सांगतात. सुन्नी सरदार खवळले आणि बंड झालं. शहरातला बारा इमाम कोटला त्याच काळातला, आणि नगरचा मोहरम आजही प्रसिद्ध आहे.

नगरशी जोडलेली आणखी एक गोष्ट. शाहजहानच्या अनेक नाण्यांवर कलमा असे. औरंगजेबाने तो नाण्यांवरून काढायला लावला, कारण नाणं कुणाच्याही हाती जातं, पायदळी येतं. तोच औरंगजेब १७०७मध्ये नगरजवळ भिंगारला मरण पावला.

बंदुकीसमोर म्हटलेला कलमा

साक्ष दडपणाखाली घेतली तर ती साक्ष उरत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही कळेल. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातली २५६वी आयत धर्माच्या बाबतीत जबरदस्तीला जागा नसल्याचं सांगते.

हदीसमधला एक प्रसंग तर थेट या प्रश्नावरच आहे. पैगंबरांचे तरुण सहकारी उसामा बिन झैद यांनी लढाईत एका शत्रूला गाठलं. त्याने ऐन वेळी 'ला इलाह इल्लल्लाह' म्हटलं. उसामांनी तरीही त्याला मारलं. पैगंबरांना हे समजल्यावर त्यांनी जाब विचारला. तो शस्त्राच्या भीतीने बोलला होता, असं उसामांचं म्हणणं. त्यावर पैगंबरांनी विचारलं की त्याचं काळीज चिरून पाहिलं होतंस का? हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, इतका की उसामांना वाटलं, आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं.