मुंबईतील कामाचे बदलते स्वरूप आणि कामगार संघटना

मुंबईतील कामगार संघटनांची जडणघडण शहरातील कामाच्या स्वरूपाशी निगडित राहिली आहे. हजारो कामगार एकत्र राबत असलेल्या कापड गिरण्यांतून येथील संघटित चळवळ उभी राहिली. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि काम यंत्रमाग, कंत्राटदार व मोबाइल ॲप यांच्याद्वारे विखुरले, तसे सामूहिक वाटाघाटींचे बळही बदलले. मालक कोण, कामाचे ठिकाण कोणते आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न यांतील प्रत्येक टप्प्यावर वादाचे ठरले.

गिरणी आणि संघटनेचा उगम

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. कोकणातून व घाटावरून आलेले कामगार गिरण्यांभोवतीच्या चाळींत राहत. काम आणि वस्ती एकमेकांना लागून असल्याने गिरणीतील तंटा लगेच गिरणगावभर पसरे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. साप्ताहिक सुटीची मागणी १८९० मध्ये मान्य झाली. भरती मात्र मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या हाती असे. काम त्याच्या मर्जीवर मिळत असल्याने त्याच्या प्रभावाबाहेर संघटना उभी करणे अवघड होते.

कार्यक्षमता योजना व १९२८ चा संप

१९२० च्या दशकात काही गिरण्यांनी कमी माणसांत अधिक काम करून घेण्याच्या योजना आणल्या. विणकराने दोनऐवजी तीन माग आणि कातणाऱ्याने यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, असे त्यांचे स्वरूप होते. कामगारांना यात कामाचा ताण आणि बेकारी दोन्ही दिसत होती. १९२८ मध्ये सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप चालला व त्याच काळात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. वेतनाबरोबरच काम कसे करावे हाही वाटाघाटींचा विषय असल्याचे या संपाने ठळक केले.

प्रातिनिधिक संघटना आणि १९८२ चा संप

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये एका क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना वाटाघाटी करू शकत असे. मुंबईच्या कापड उद्योगात हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. त्यामुळे बहुसंख्य कामगार दुसऱ्या नेतृत्वामागे गेले, तरी कायदेशीर वाटाघाटींचा अधिकार त्यांच्याबरोबर जात नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ व बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच हा कायदा रद्द करावा, अशीही मागणी होती. मात्र तोवर कापडाचे बरेचसे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळले होते. गिरणी बंद असतानाही बाहेरून कापड विणून घेता येत असल्याने संपाचे मुख्य हत्यार बोथट झाले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या नाहीत.

यंत्रमाग व्यवसायात व्यापारी सूत पुरवतो, मागधारक मजुरीवर कापड विणून देतो आणि कामगाराला विणलेल्या कापडाच्या मापावर मोबदला मिळतो. विजेवर चालणाऱ्या उद्योगास कारखाने अधिनियम, १९४८ लागू होण्यासाठी किमान १० कामगार असावे लागत. लहान शेड या मर्यादेबाहेर राहत आणि विखुरलेल्या मागांवर संघटना बांधणे कठीण जाई.

विखुरलेल्या कामाचे संघटन

विखुरलेले काम संघटित होऊच शकत नाही, असे मात्र नाही. माथाडी कामगार एकाच दिवसात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलतात. त्यांना एक कायम मालक नसतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ संमत झाला. त्यानुसार शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. नोंदणीकृत मालक मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतात. मंडळ मजुरीचे वाटप करते आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा व वैद्यकीय लाभांची व्यवस्था पाहते. मालक बदलला तरी कामगाराचे हक्क मंडळाकडे कायम राहतात, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे.

ॲपवर आधारित काम आणि नवे कायदे

ॲपद्वारे काम करणारे चालक व घरपोच सेवा देणारे कामगार यांना कंपन्या सहसा नोकर न मानता ‘भागीदार’ म्हणतात. कामाचे वाटप, दर व मानांकन संगणकीय प्रणाली ठरवते. त्यामुळे गाऱ्हाणे ऐकणारा मुकादम किंवा व्यवस्थापक समोर नसतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे, परंतु त्यांचे काम पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे मानले आहे. परिणामी कल्याणकारी योजनांची तरतूद झाली, तरी सामूहिक वाटाघाटींच्या अधिकाराचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार आस्थापनेतील किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटींसाठी एकमेव मान्यता मिळते. टक्केवारीच्या या हिशेबाला ठरावीक आस्थापना आणि निश्चित कामगारसंख्या गृहीत धरावी लागते. राजस्थानने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात प्लॅटफॉर्म कामगारांसाठी कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क अशी तरतूद आहे. तिचे माथाडी मंडळांच्या रचनेशी साम्य आहे.

हे सुद्धा पहा

गिरणगाव
नारायण मेघाजी लोखंडे
दत्ता सामंत
माथाडी कामगार