विश्लेषण : संगणकावरच्या हॉकी लीगमध्ये खेळाडूंचे ‘रेटिंग’ कसे ठरते?

खेळाडू खरे, सामने मात्र संगणकावरचे! उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) धर्तीवर चालणाऱ्या सिम्युलेशन लीगमध्ये प्रत्येक सहभागी एकेका आइस हॉकी संघाचा व्यवस्थापक असतो. तो खेळाडूंची अदलाबदल करतो, संघ निवडतो. सामना मात्र सॉफ्टवेअर खेळवते. हे सॉफ्टवेअर खेळाडूला नावाने नव्हे, रेटिंगने ओळखते. त्यामुळे सूत्र चुकले की अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो.

रेटिंग एकच असते का?

नाही. ‘एसटीएचएस’ या सॉफ्टवेअरमध्ये स्केटिंग, ताकद, पकवरील नियंत्रण, पासिंग, गोल करण्याची क्षमता, बचाव, फेसऑफ, शिस्त, दमसास अशी स्वतंत्र रेटिंग असतात. कमाल आकडा ९९. यांना कमी-जास्त वजन देऊन ‘एकूण’ रेटिंग काढले जाते. बचावपटूला गोलपेक्षा बचावाचे वजन जास्त, असा साधा हिशेब.

आकडे येतात कुठून?

अनेक लीग मागील हंगामाची खरी आकडेवारी वापरतात. असिस्टवरून पासिंग, जिंकलेल्या फेसऑफवरून फेसऑफ, बर्फावर घालवलेल्या वेळेवरून दमसास. शिक्षेची मिनिटे वाढली, की शिस्तीचे रेटिंग घटते. एकूण गोलऐवजी दर सामन्यातील सरासरी पाहणे योग्य ठरते, कारण दुखापतीमुळे कुणाचे सामने हुकतात. ऑस्टन मॅथ्यूजने २०२३-२४ मध्ये ८१ सामन्यांत ६९ गोल केले. म्हणजे सरासरी ०.८५.

चार सामन्यांत चार गोल करणारा मॅथ्यूजपेक्षा सरस?

सरासरी १ असल्याने कागदावर तसे दिसते. हा घोळ टाळण्यासाठी प्रत्येकाच्या खात्यात काही ‘सर्वसाधारण’ सामने मिळवता येतात. समजा, २० सामने आणि त्यांत ४ गोल मिळवले. नवख्याचे २४ सामन्यांत ८ गोल होतात, सरासरी ०.३३. मॅथ्यूजचे १०१ सामन्यांत ७३, सरासरी ०.७२. सामने जितके कमी, तितकी सरासरी मध्याकडे ओढली जाते.

गोलरक्षकाचे काय?

त्याच्यासाठी अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण महत्त्वाचे. ९० टक्के आणि ९२ टक्के यांत फरक किरकोळ वाटतो. पण १,८०० फटक्यांमागे पहिला १८० गोल खातो, दुसरा १४४. हे ३६ गोल संघाला वर-खाली करायला पुरेसे आहेत. म्हणूनच गोलरक्षकांच्या रेटिंगवरून सर्वाधिक वाद होऊ शकतात.

मग सूत्र फसते कुठे?

जे मोजलेच जात नाही, तिथे. योग्य जागी उभे राहून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणाऱ्या बचावपटूच्या नावापुढे ना गोल लागतो, ना असिस्ट. स्केटिंगचा वेगही गोलसंख्येतून कळत नाही. तिथे लीग चालवणाऱ्यांचा अंदाज येतो आणि पक्षपाताच्या तक्रारीही. शिवाय रेटिंग मागच्या हंगामाचे असते. पस्तिशीतल्या खेळाडूचा जोर ओसरू लागला, तरी पुढची आकडेवारी येईपर्यंत त्याचा आकडा चढाच राहतो.

म्हणूनच अदलाबदल करताना केवळ ‘एकूण’ रेटिंग पाहून भागत नाही. वय, खेळलेले सामने आणि गेल्या दोन-तीन हंगामांचा कल तपासायला हवा. सूत्र हंगामाआधी सर्वांसमोर जाहीर आहे का, हा प्रश्न तर लीगमध्ये नाव नोंदवण्यापूर्वीच विचारलेला बरा.