मूठ गरम, बोटं गार

डिसेंबरातल्या पहाटे वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचलं की पहिली फजिती चहाच्या टपरीवर होते. हेल्मेटचा पट्टा सुटत नाही. बोटं आपलीच, पण ऐकत नाहीत. चहाचा ग्लास पिण्याआधी पाच मिनिटं नुसता तळव्यांत धरून बसावं लागतं. याच बोटांनी मघाशी वळणावर ब्रेक दाबला होता, हे आठवलं की आणखी गार वाटतं.

आपण थर्मामीटर बघतो आणि वारा विसरतो. हवा ८ अंशांवर असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने पळत असेल, तर उघड्या कातडीला ती जवळपास २ अंशांसारखी लागते. अमेरिका-कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राचा हा हिशेब. लडाखला जाणाऱ्यांनी तर तो करावाच. लेह साधारण ३,५०० मीटरवर, खारदुंग ला ५,३५९ मीटरवर (जुन्या पाटीवरचे १८,३८० फूट विसरा, ते फुगवलेले होते). हजार मीटरला साडेसहा अंश धरले, तर लेहमध्ये जुलैत २० अंश असताना खिंडीत तेच ८. म्हणजे पुन्हा पसरणीतला डिसेंबर.

या गारठ्यावर उपाय म्हणून हल्ली हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर तापणाऱ्या मुठी, बसवल्या जातात. रबरात तापणारी तार, वायर बॅटरीकडे, हँडलवर कमी-जास्त करायचं बटण. पण ही ऊब तळव्याला मिळते आणि वारा झोडपतो तो बोटांच्या पाठीला. म्हणून मुठी घेण्याआधी वारा अडवा. हँडगार्ड लावा, किंवा दिल्ली-लखनौकडे थंडीत स्कूटरच्या हँडलला रेक्झिनच्या पिशव्या चढवतात तशा चढवा. दिसायला गबाळ्या, पण कामाला चोख. जॅकेटकडेही बघा. छाती गारठली की शरीर बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून ऊब आत राखतं, मग मूठ कितीही तापवा.

ग्लोव्ह्जमध्येही फसगत होते. सगळ्यांत जाड जोडी घेतली की तळव्याखालचा कापूसच मुठीची ऊब अडवतो. पाठीकडे जाड आणि तळव्याला पातळ, अशी जोडी हवी. डावी मूठ उजवीपेक्षा गार वाटली तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. उजवीकडे थ्रॉटलची प्लॅस्टिकची नळी मध्ये असते, डावीकडे मूठ थेट धातूच्या हँडलवर बसते आणि ऊब तो धातू पिऊन टाकतो. चांगल्या संचात हा फरक आधीच धरलेला असतो, म्हणून घेताना विचारा.

आता विजेचं बोलू. मुठींची जोडी साधारण ३० ते ५० वॅट घेते, म्हणजे तीनेक अँपिअर. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे तो बंद करून वीज वाचवायची सोय उरलेली नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-तासांची. इंजिन बंद, मुठी चालू आणि तुम्ही फोटो काढण्यात दंग, तर तासाभरात बॅटरी झोपते. बहुतेक मोठ्या नव्या गाड्यांना किकही नाही. म्हणून जोडणी चावीसोबत चालू-बंद होणाऱ्या रिलेमधून घ्या, म्हणजे चावी काढली की मुठीही बंद होतील. बॅटरीजवळ वेगळा फ्यूज टाका आणि हेडलाइटच्या वायरीला फाटा फोडू देऊ नका. गाडीचं चार्जिंग किती वॅटचं आहे ते मॅन्युअलमध्ये असतं. लहान गाडीवर मी तरी हा भार टाकणार नाही.

बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटरचं, काही क्रूझरचं इंचभर म्हणजे २५.४, तेव्हा मोजूनच मूठ मागवा. आहे त्या मुठीवर गुंडाळायच्या तापत्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण मूठ जाड होते आणि लहान हाताला क्लच-ब्रेक लांब पडतात. मधुमेहाने ज्यांची बोटं बधिर झाली असतील त्यांनी सर्वांत गरम टप्पा टाळावा, कारण चटका कळत नाही.

आयुष्यात एकदाच जुलैत लडाखला जाणार असाल तर हँडगार्ड, जलरोधक ग्लोव्ह्ज आणि त्यांच्या आत पातळ लोकरीची जोडी पुरे. दर हिवाळ्यात पहाटे गाडी काढणाऱ्याने मात्र मुठी जरूर घ्याव्यात.

मुठी बसवून झाल्या की गॅरेजमधून निघण्याआधी, इंजिन बंद असताना, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून उजवी मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. वायर कुठेही ताणली जाता कामा नये, आणि मूठ प्रत्येक वेळी खटकन मागे आली पाहिजे. नाही आली तर गाडी तिथेच ठेवा.