शब्बाथ पाळणारा माणूस आणि त्याचा व्यवहार

ज्यू परंपरा तोरा या धर्मग्रंथातल्या आज्ञा ६१३ मोजते. मांस आणि दूध एकत्र शिजवू नये, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवू नये, आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी, तराजू-मापं खरी ठेवावीत, या सगळ्या आज्ञा एकाच यादीतल्या. येशायाहू लायबोविट्झ हे स्वतः शास्त्र पाळणारे इस्रायली विचारवंत. धर्मपालन ही निव्वळ ईश्वरसेवा आहे, त्यातून माणूस नीतिमान व्हावा ही अपेक्षाच चुकीची, असं ते ठामपणे मांडत. मला हे पटत नाही. मजुरी बुडवणाऱ्याने निम्मं शास्त्र सोडलेलं असतं, मग त्याचं ताट कितीही शुद्ध असो.

खुद्द परंपरेलाही हा प्रश्न सतत छळत आला आहे. योम किप्पूरच्या कडक उपासाच्या सकाळी सिनेगॉगमध्ये यशया संदेष्ट्याचा जो भाग वाचतात, त्यात उपास धरून मजुरांना पिळणाऱ्यांवरच आसूड ओढलेला आहे. तेराव्या शतकात स्पेनमधल्या नाखमनिदीस या धर्मपंडिताने बजावलं, की शास्त्राचा एकही नियम न मोडता माणूस नीच राहू शकतो.

एकोणिसाव्या शतकात लिथुआनियात नीतिशिक्षणाची मुसार चळवळ उभी करणाऱ्या रब्बी इस्राएल सलांतरांची एक गोष्ट सांगतात. वल्हांडण सणाच्या बेखमीर भाकरीचं पीठ भिजवलं की अठरा मिनिटांच्या आत सगळं उरकावं लागतं. देखरेखीला निघालेल्या शिष्यांनी विचारलं, सर्वांत जास्त लक्ष कशावर ठेवू? सलांतर म्हणाले, कणीक मळणारी बाई विधवा आहे, घाईघाईत तिच्यावर ओरडू नका. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण तिथली घाईसुद्धा धर्माचीच आहे. ओरडणाऱ्यालाही आपण पुण्यकर्मच करतोय असं वाटलं असतं.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल गावी अ‍ॅग्रिप्रोसेसर्स हा कोशेर, म्हणजे ज्यू शास्त्राप्रमाणे खाण्यायोग्य, मांसाचा मोठा कारखाना होता. कोशेर कत्तलीत सुरीच्या पात्यावरून नख फिरवून बारीकशी खाचही शोधतात. खाच सापडली तर ती सुरी चालत नाही. मे २००८ मध्ये या कारखान्यावर छापा पडला, ३८९ स्थलांतरित कामगार पकडले गेले, आणि तिथल्या राबवणुकीच्या कहाण्या बाहेर आल्या. पुढच्या वर्षी कारखान्याचा प्रमुख बँकेच्या फसवणुकीत दोषी ठरला. पात्याची तपासणी रोज होत होती. कामगारांच्या हालांकडे पाहणं हे मात्र तपासनिसांना आपलं काम वाटत नव्हतं. या प्रकरणाने अस्वस्थ झालेल्या ऑर्थोडॉक्स तरुणांनीच पुढे कोशेर हॉटेलांना वेतन आणि कामाचे तास पाहून देण्याचं प्रमाणपत्र काढलं.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी. २००९ मध्ये जेरुसलेमचे रब्बी येशायाहू हेबर यांनी ‘मात्नात खाइम’ ही संस्था काढली. त्यांना स्वतःला दुसऱ्याचं मूत्रपिंड मिळालं होतं. संस्थेमार्फत शेकडो माणसांनी अनोळखी रुग्णांना आपलं मूत्रपिंड दिलं, आणि त्यांतले बहुसंख्य दाते धर्म काटेकोर पाळणारे आहेत. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा, ही शिकवण त्यांच्या अंगात मुरलेली. शिवाय प्रार्थनेला शेजारी बसणाऱ्याने आधीच मूत्रपिंड दिलेलं असतं, त्यामुळे धीर येतो. मात्र दात्याला रुग्णाबद्दल अट घालता येते, आणि अनेकांनी ज्यू रुग्णच मागितला. त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. धर्माने हात सढळ केला, पण वर्तुळ आखूनच.

मुंबईतही हेच दिसतं. एकोणिसाव्या शतकातले तिथले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांची पेढी शनिवारी बंद असे. पुण्याचं ससून रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. याच पेढीचा अफूचा व्यापार चीनमधली घरं पोखरत होता. शब्बाथचा हिशेब काटेकोर, पण त्या घरांचा हिशेब मागणारं जवळपास कोणी नव्हतं.

आणि वर्तुळाची रेघ आपल्या कोकणातल्या ज्यू माणसांवरूनही गेली. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्राएल इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने आदेश काढला: यांच्यापैकी कोणाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याची वंशावळ तपासा. आदेश काढणारे शास्त्र काटेकोर पाळणारेच होते, आणि आपण शास्त्राचीच राखण करतोय अशी त्यांची खात्री होती. मुलाबाळांसकट मराठी बोलणारी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने, हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव केला, आणि त्यानंतर रब्बी मंडळाने आदेशातून बेने इस्राएल हे नाव काढलं.