पोराला सांगायचं कसं?

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एका ताईंनी हळूच विचारलं, "पोरगा कामाला पुण्याला निघालाय. एचआयव्हीचं त्याला सांगायला हवं, पण लाज वाटते. कसं सांगू?" आम्ही सगळ्याच गप्प. आम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?

मग ठरवलं, सरळ बोलायचं. एचआयव्ही चार वाटांनी येतो : निरोध न वापरता आलेल्या संबंधातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं किंवा डास चावल्यानं येत नाही.

माणूस ठणठणीत दिसला तरी लागण असू शकते; ती रक्त तपासूनच कळते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. ताजी लागण लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

लागण निघालीच, तर एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज, जन्मभर घ्यायच्या. नेमानं घेतल्या तर माणूस कामधंदा, संसार करू शकतो. गरोदर बाईनं वेळेत सुरू केल्या तर बाळाचा धोकाही फार कमी होतो.

पण पोरानं भीतीनं लपवलं, तर गोळी पोचणार कशी? म्हणून मुलाला आणि मुलीलाही एवढं सांगाच : "काही झालं तरी आधी घरी सांग. तुझं ताट वेगळं होणार नाही."

शंका असेल तर १०९७ वर मोफत फोन करा.