पिसदुऱ्याचे शेणदगड

शेणावरून जनावराची प्रकृती ओळखणारे जाणते शेतकरी आपल्याकडे गावोगाव आहेत. मृगाच्या पावसानंतर कोवळे गवत खाल्ले की शेण पातळ पडते. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या बैलाचे शेण कोरडे व घट्ट असते. ज्वारीचे सबंध दाणे दिसले तर दाणा न भरडता चारला, हे घरधनी तेव्हाच ताडतो. हीच विद्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या विष्ठेवर चालविली तर काय हाती लागते, याचे उदाहरण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावाच्या परिसरात लांबट, गोलसर असे दगड जमिनीवर उघडे पडलेले सापडतात. नांगराला अडणारा धोंडा वेचून बांधावर फेकावा, एवढीच त्यांची वरवर पाहता योग्यता. वास्तविक ती प्राचीन प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे. सी. ए. मॅटले या भूशास्त्रज्ञाने १९३९ साली या दगडांचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या काळ्या खडकाची झीज होऊन आपली कापसाची जमीन बनली, त्या खडकाखालच्या ‘लॅमेटा’ नावाच्या थरांतून ते येतात. काळ साडेसहा कोटी वर्षांहूनही जुना. याच थरांत लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या महाकाय डायनोसॉरांची हाडे मिळाली असून जवळच्या डोंगरगाव येथे अशा एका प्राण्याचा सांगाडाही सापडला आहे. त्यामुळे यांतील मोठे दगड त्याच जातीच्या प्राण्यांचे, असे संशोधक मानतात.

पाला खाणाऱ्या प्राण्याची विष्ठा टिकणे ही दुर्मिळ गोष्ट होय. मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेत हाडांतील स्फुरद असते, म्हणून तिचा दगड होणे सोपे जाते. झाडपाल्याची विष्ठा मात्र आपल्या उकिरड्यातील शेणाप्रमाणे बुरशी, किडे व पाऊस यांच्या तोंडी पडून मातीत मिसळते. पाण्याकाठच्या चिखलात ती लवकर गाडली गेली आणि खनिजे तिच्यात झिरपली, तरच तिचे रूप शिल्लक राहते.

आता अशा दगडातून जेवणाचा पत्ता कसा लागावा? त्याचे उत्तर भाताच्या तुसात आहे. तूस जाळल्यावर जी पांढरट राख उरते, ती बहुतांशी सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य. गवतवर्गातील वनस्पती मुळांवाटे विरघळलेली सिलिका शोषतात व ती पेशींत साठवितात. उसाच्या पाचटाने हात कापतो त्यालाही हीच कारण आहे. पेशींत साठलेल्या या कणांना त्या त्या वनस्पतीनुसार ठराविक घाट येतो. पान कुजते, आतड्यातून जाते, दगड बनते, तरी कण तसाच राहतो.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, स्वीडनमधील कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, अशोक साहनी व त्यांचे सहकारी यांनी पिसदुऱ्याच्या दगडांतील हे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले व २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ताडवर्ग, सूचिपर्णी व रुंद पानांची झाडे यांच्याबरोबर किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. तोपर्यंत डायनोसॉरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, अशी समजूत होती. अर्थात हे प्राणी गवतावरच जगत होते असे मात्र नव्हे. त्यांच्या आहारात गवताचा वाटा थोडाच होता, समोर येईल ते ते ओरबाडीत असावेत. पुढे २०११ साली याच दगडांतील कणांवरून भात ज्या कुळातला, त्या कुळाचे पूर्वजही तेव्हा येथे होते, असे याच संशोधकांनी दाखविले. आज कापसाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमीत भाताचे नातलग माणूस जन्मण्यापूर्वीच वाढत होते, हे वाचून माझ्यासारख्या पीकशास्त्र शिकलेल्या माणसाला मोठे नवल वाटले.

मला याहून महत्त्वाची वाटते ती रोगांची साक्ष. याच विष्ठेत कोलेटोट्रायकम, इरिसायफी व अन्सिन्युला या बुरशांचे अवशेष मिळाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. ही नावे परकी वाटतील, पण रोग आपल्या ओळखीचे आहेत. मिरचीच्या फांद्या शेंड्याकडून वाळविणारी व उसाला लाल कूज लावणारी बुरशी पहिल्या गटातली. द्राक्षावरील भुरी ही उरलेल्या दोहोंच्या परिवारातली. आजची जातच तेव्हा होती असे यावरून म्हणता येत नाही. परंतु रोगट पाने त्या प्राण्यांच्या पोटात गेली होती, हे उघड आहे. गंधकाची भुकटी धुरळताना आपण ज्या शत्रूशी झगडतो, त्याचे घराणे इतके जुने आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा दगडांचे व त्यांसारख्या स्फुरदयुक्त गोळ्यांचे खाणकाम करून त्यांपासून सुपर फॉस्फेट बनवीत असत. हे ऐकून कोणी पिसदुऱ्याचे दगड दळून शेतात घालण्याचा उद्योग करू नये. खत म्हणून पदरात काही पडणार नाही, पुरावा मात्र कायमचा नाहीसा होईल. दगड ज्या थरातून निघाला त्या थरासह पाहिला तरच त्याचे वय व स्थळ यांचा मेळ लागतो. बांधावर फेकलेला किंवा दिवाणखान्यात मांडलेला दगड निम्मा मुका होतो.

त्या भागातील शेतकरी बंधुभगिनींनी असा दगड आढळल्यास तो फोडू नये. शक्य तर जागेवरच ठेवावा, गट क्रमांक व नांगराची खोली वहीत टिपून घ्यावी आणि तलाठ्यांना अथवा तालुका कृषी कार्यालयात कळवावे. नांगरटीस अडथळाच होत असेल तर उचलण्यापूर्वी त्या जागी एक खुंटी ठोकावी व दगडाला चिकटलेली माती धुऊ नये.